ओळंब्याची वेळ

हलवू नका मला, मित्रांनो. आधीच मला स्थिर व्हायला वेळ लागतो. मी एक जुना पितळी ओळंबा आहे. गवंडी भिंत बांधतात तेव्हा माझी दोरी वरून खाली सोडतात आणि भिंत सरळ उभी आहे की नाही, ते मला विचारतात. मी उत्तर देतो, पण लगेच नाही. आधी मी झुलतो, गिरकी घेतो, पुन्हा झुलतो. स्वभावच अस्वस्थ, त्याला मी तरी काय करू? मात्र एकदा शांत झालो की जे सांगतो ते खरंच असतं.

एका लेथवाल्याने मला घडवलं. माझं पितळ पूर्वी कुठल्याशा नळाचं होतं म्हणे. माझे आताचे मालक म्हणजे मिस्त्री, त्यांच्या वडिलांनी मला त्याच्याकडून घेतलं, दोरी ओवली आणि दोरीच्या वरच्या टोकाला माझ्याच जाडीचा लाकडी ठोकळा बसवला. तो ठोकळा भिंतीच्या माथ्याला टेकवायचा आणि मला खाली सोडायचं. मी भिंतीला जेमतेम शिवून थांबलो तर भिंत सरळ. माझ्या आणि भिंतीच्या मध्ये फट राहिली तर माथा पुढे झुकला आहे, असं समजायचं. इतकं सोपं आहे माझं काम.

मिस्त्री तेव्हा नुकते हाताखाली शिकत होते. मी झुलायला लागलो की ते मला पटकन हाताने धरून थांबवायचे. वडील ओरडायचे, "धरू नकोस त्याला! धरलास तर तो तुझ्या मनासारखं बोलेल. सोड, आणि थांब जरा." मिस्त्री थांबायला शिकले. त्यांच्या भिंतींचं नाव झालं. लोक मला बोटाने दाखवून म्हणायचे, "मिस्त्रींच्या ओळंब्याने सांगितलं म्हणजे झालं." ते ऐकून मी आणखी एक गिरकी घ्यायचो. स्तुती कुणाला आवडत नाही?

पण नाव झालं की फोन येतात, मित्रांनो, आणि फोन सांभाळणं मिस्त्रींना कधी जमलं नाही. बोलता बोलता कानामागची पेन्सिल काढून ते गिऱ्हाइकाचा नंबर समोरच्या विटेवर लिहायचे. दुसऱ्या दिवशी त्याच विटेवर प्लास्टर चढायचं. अशी कितीतरी गिऱ्हाइकं आजही भिंतींमध्ये गाडलेली आहेत! उरलेले फोन त्यांच्या बायकोच्या वाट्याला यायचे. ती बिचारी शिलाईयंत्रावर बसलेली असे, आणि कुणी विचारी, मिस्त्री कधी येणार? कुणी विचारी, विटा उतरल्या का? शेवटी एक दिवस तिने कात्री खाली ठेवली आणि सुनावलं, "अहो, मी तुमची बायको आहे, चौकशीची खिडकी नाही!"

मग तिनेच शोधाशोध करून एक व्हर्च्युअल असिस्टंट गाठून दिली. दूरच्या गावात राहणारी, आपल्या घरातूनच फोन आणि कॉम्प्युटरवर दुसऱ्यांच्या ऑफिसचं काम करणारी एक बाई. एका दातांच्या डॉक्टरचं आणि एका पडदेवाल्याचं काम ती आधीपासून करत होती, आता मिस्त्रींचंही करू लागली. मिस्त्री तिला ताई म्हणत. तिला कुणी पाहिलेलं नव्हतं आणि तिने एकही भिंत पाहिलेली नव्हती. पण काय तिचा उरक! गिऱ्हाइकांना वेळेवर उत्तरं मिळू लागली. रेती-सिमेंट सांगितलेल्या दिवशी हजर. बायकोचं शिलाईयंत्र पुन्हा मोकळेपणी धावू लागलं. मिस्त्रींना तर स्वर्ग दोन बोटं उरला.

माझं मात्र कुठेतरी बिनसत चाललं होतं. ताईच्या कॅलेंडरमध्ये प्रत्येक कामाला एक रंगीत चौकोन होता. बांधकामाला चौकोन, प्लास्टरला चौकोन. पण भिंत बांधून झाली की तिला पाणी पाजत सुकू द्यावं लागतं, त्या दिवसांना चौकोन नव्हता. मी थांबेपर्यंत गवंड्याने हात बांधून उभं राहावं लागतं, त्यालाही नव्हता. ताईला ती जागा रिकामी दिसली आणि तिने ती भरली. तिचा काय दोष? मिस्त्रींनी सांगायला हवं होतं. पण एवढी कामं आयुष्यात पहिल्यांदाच हाताशी आली होती. ते म्हणायचे, "येऊ दे ताई, येऊ दे. आता कुठे दिवस आलेत."

त्यांच्या पायाला भिंगरी लागली. एक डोळा माझ्यावर आणि एक कान फोनवर. मी झुलतोय तोवरच ते म्हणत, "चालतंय." मी ओरडून सांगितलं असतं, अहो, मी अजून बोललोच नाही! पण ओळंब्याला तोंड कुठे असतं? मी पिशवीत थापीशेजारी पडून नुसता तळमळायचो.

आणि मग ते पाळणाघराचं काम आलं. मुलांच्या अंगणाच्या कडेला एक उंच भिंत हवी होती. त्या दिवशी वारा सुटला होता. मी पतंगासारखा भिरभिरत होतो. मिस्त्रींच्या कानातल्या यंत्रात एकामागून एक गिऱ्हाइकं बोलत होती. आणि मित्रांनो, इतक्या वर्षांनी त्यांनी मला हाताने धरलं. धरून भिंतीला टेकवलं, मान हलवली आणि वरच्या विटा लावल्या. पुढच्या कामाला उशीर होत होता. त्या गडबडीत ठोकळ्याच्या वरची दोरी माथ्यावरच्या विटेखाली अडकलेली राहिली आणि मी तिथेच लटकत राहिलो. ते निघून गेले.

संध्याकाळी वारा पडला. मी हळूहळू शांत झालो आणि मला कळलं. भिंत पुढे झुकली होती, अंगणाच्या बाजूला. जिथे मुलं खेळणार त्याच बाजूला. दुसऱ्या दिवशी प्लास्टर लागणार होतं, म्हणजे वाकडेपण दिसेनासं होणार होतं. माझा जीव अक्षरशः टांगणीला लागला. फाटकापाशी पाळणाघराच्या बाई उभ्या होत्या. त्यांनी मोबाइलवर भिंतीचा एक फोटो काढला आणि आत गेल्या.

थोड्या वेळाने मिस्त्री धावत आले. पिशवीत मी नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यांनी घाईघाईने माझी दोरी पकडली, तेवढ्यात फोन वाजला. ताई होती. विटांवर फोन ठेवून त्यांनी स्पीकर लावला.

"दादा, पाळणाघराच्या बाईंनी फोटो पाठवलाय. विचारतायत, प्लास्टर झालं की मुलांना अंगणात सोडू ना? काम पक्कं झालं असं कळवायचंय. पण मला एक सांगा, फोटोत ती तुमची दोरी आहे ना, ती वर भिंतीजवळ आहे आणि खाली लांब गेलीय. ती तशीच असते का?"

मिस्त्रींचा हात थबकला. त्यांनी दोरी सोडली. मी झुलू लागलो. इकडून तिकडे, तिकडून इकडे. त्यांनी मला धरलं नाही. पलीकडून ताई "हॅलो, हॅलो" करत होती, तरी ते हलले नाहीत. मी थांबलो. त्यांनी माझ्या आणि भिंतीच्या मध्ये दोन बोटं घातली. बोटं सहज आत गेली.

"दादा, आहात ना?"

"आहे." मिस्त्रींनी बोटं बाहेर काढली. "थोडी पुढे आलीय. प्लास्टरमध्ये निघून जाईल. झाकली मूठ सव्वा लाखाची. तू कळव त्यांना, पक्कं झालं म्हणून."

 ताई म्हणाली, "मला भिंतीतलं काही कळत नाही दादा. मी रोज लोकांना सांगते, मिस्त्रींचं काम म्हणजे डोळे मिटून विश्वास ठेवा. मी स्वतः डोळे मिटूनच सांगते, तुमच्या शब्दावर. आजही लिहीन. फक्त एकदा सांगा, तिथे तुमचं स्वतःचं लेकरू खेळायला सोडाल?"

मिस्त्री खाली बसले. मला त्यांचा राग आला होता, पण तेव्हा त्यांची कीवही आली. मग ते म्हणाले, "लिही. भिंत वाकडी झालीय. चूक माझी आहे. उद्या पाडतो आणि नव्याने बांधतो. तोवर अंगणात कुणाला सोडू नका."

दुसऱ्या दिवशी सगळ्यांदेखत त्यांनी स्वतःच्या हाताने भिंत उतरवली. रस्त्यावरचे लोक थांबून बघत होते. कुणी हसलंही. पुढची सगळी कामं लांबली. ताईने एकेकाला फोन करून कारण सांगितलं, आडपडदा न ठेवता. दोन गिऱ्हाइकं तिच्यावर खेकसली आणि सोडून गेली. बाकीची थांबली. पाळणाघराच्या बाईंनी एवढंच विचारलं, "नवी भिंत तुम्हीच बांधणार ना?"

नंतर ताईने मिस्त्रींना खोदून खोदून सगळं विचारून घेतलं. भिंत किती दिवस सुकते, पाणी कधी मारायचं, ओळंबा कशाला लागतो. आता तिच्या कॅलेंडरमध्ये सुकण्याच्या दिवसांनाही रंग आहे. माझ्यासाठीही एक चौकोन आहे. त्या वेळात ती मिस्त्रींना एकही फोन जोडत नाही. गिऱ्हाइकांना सांगते, "दादा ओळंबा लावतायत, नंतर बोलतील." तो चौकोन करताना तिने विचारलं होतं, "ओळंबा थांबायला किती वेळ लागतो?"

"वारा असेल तसा," मिस्त्री म्हणाले. तिने तसंच लिहून ठेवलं.

मित्रांनो, माझी दोरी आता विरली आहे आणि पितळ काळवंडलं आहे. मला घासूनपुसून लख्ख करा असं मी म्हणणार नाही. माझं मागणं निराळं आहे. कामाला मदतनीस घ्या, यंत्रं घ्या, चार माणसांचा उरक अंगी आणा, पण त्यातून हाताशी आलेला सगळाच वेळ पुन्हा भरून टाकू नका. थोडा माझ्यासाठी ठेवा. आणि मी झुलत असताना मला धरू नका.

पाळणाघराची नवी भिंत उभी राहिली त्या दिवशी मी शेवटचं माप देत लटकलो होतो. एक चिमुरडी आली आणि तिने मला टिचकी मारली. झालं, मी पुन्हा झुलू लागलो! बाई तिला रागवायला धावल्या. मिस्त्रींनी हातानेच त्यांना थांबवलं आणि हात बांधून उभे राहिले. ती मुलगीही तसेच हात बांधून त्यांच्या शेजारी उभी राहिली. दोघं माझ्याकडे बघत राहिली, मी थांबेपर्यंत.