मधल्या फळीवरची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी, बुटकी होडी आहे, सेतो समुद्रातल्या एका लहान बेटावरची. माझं लाकूड आता बधिर झालं आहे. तेव्हा रडगाणं नाही, झालं तेवढंच सांगते.

गावच्या सुताराने मला घडवलं, तेव्हा मधल्या फळीखाली खोबण कोरून तिच्यात मालकिणीच्या केसांची बट आणि चिमूटभर धान्य ठेवून ती बंद केली. आमच्याकडे होडीचा देव असाच बसवतात. त्या फळीला पुढे कुणी खिळासुद्धा लावत नाही.

मालक शिगेझो आणि मालकीण फुजिए दोघंच दर्यावर जात. ऑक्टोपस पकडायला तळाशी सोडलेली मडकी तो ओढी, सुकाणू ती धरी. त्या जोडीचं आणि माझं धक्क्यावर कौतुक होई. मग म्हातारपणी फुजिएच्या खुब्याचं हाड मोडलं. फळीवर उकिडवं बसणं संपलं. ती घरी राहिली आणि हळूहळू बोलेनाशी झाली.

शिगेझोने भंगारातल्या ट्रकची मऊ खुर्ची आणली. पुढे पाणी उडतं, मागे इंजिन, म्हणून ती मधल्या फळीवरच बसणार होती.

फुजिए कित्येक दिवसांनी हसली. "जन्मभर फळीवर बसवलंत, आता राणी करताय होय? पण बोल्ट कुठे आहेत हो?"

"देवाच्या डोक्यावर गिरमिट चालवू? दोरीने आवळलीय, हलायची नाही."

"तुमची गाठ म्हणजे दगडावरची रेघच!"

दोघं पुन्हा दर्यावर निघाली. बाहेर मोठी फेरीबोट शेजारून गेली. तिच्या लाटेने मी कलले, दोरी सरकली आणि खुर्चीसकट फुजिए माझ्या काठावर आदळली. तोच खुबा पुन्हा मोडला.

दवाखान्यातून सुटल्यावर ती चाकाच्या खुर्चीतून धक्क्यावर आली. "आतले केस माझेच ना? मग देवाचं मी बघते. पाडा भोकं."

शिगेझोने भोकं पाडली. फळीखाली लोखंडी पट्ट्या घातल्या, बोल्ट आरपार नेले, नट पिळून घट्ट केले. मग सगळा जोर लावून खुर्ची ओढली. मी डुलले, खुर्ची जागची हलली नाही.

"ये गं आता, बस."

फुजिएचा पाय माझा काठ ओलांडण्याइतका उचलेना. तिने दोनदा प्रयत्न केला. "छान बसवलीत हो," म्हणाली आणि घरी गेली. ती परत धक्क्यावर आली नाही.

शिगेझो आता एकटाच येतो. खुर्चीत बसत नाही, जुन्या फळीवर उकिडवा बसतो. मला वाईट वाटायला हवं. वाटत नाही.

मित्रांनो, आपल्या माणसासाठी जे करायचं ते वेळेवर आणि पक्कं करा. देवाचं म्हणाल, तर तो माझ्याच पोटात आहे. फळीला भोकं पडली तेव्हा तो रागावला असता, तर मला आधी कळलं असतं. तो रागावलाच नाही.