बाराव्या पानावर

पटकथा लिहून झाली की आमच्या घरी ती बाबा मोठ्याने वाचतात. माझ्या पहिल्या स्पर्धेपासूनची ही पद्धत. जेवणाचं टेबल पुसायचं, पानं मांडायची, सगळ्या पात्रांचे संवाद त्यांनी म्हणायचे आणि मी डोळे मिटून ऐकायचं. बाबांनी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या. अभिनयातलं त्यांना ओ की ठो कळत नाही, म्हणून वाक्य खोटं असलं की ते तिथेच अडखळतात.

या पटकथेतला बापही लिफ्टच दुरुस्त करायचा. तापट, हेकट, मुलीच्या प्रत्येक गोष्टीत नाक खुपसणारा. बाबांनी तो एका दमात वाचला.

"जरा जास्तच बडबड्या केलायस याला," एवढंच म्हणाले. पण खूश होते. दोन दिवस त्याचीच वाक्यं माझ्यावर फेकत होते.

परीक्षकांना मात्र तो पचला नाही. स्पर्धेत लेखकाचं नाव झाकून ठेवतात आणि त्याला न्याय म्हणतात. नाव झाकल्यावर माणसांची जीभ किती सैल सुटते, ते त्यांचे अभिप्राय वाचून कळतं. 'वडिलांचं पात्र पटत नाही.' 'वडील कथेला मागे खेचतात.' एका महाभागाने विचारलं होतं, 'हे वडील नेमके कशासाठी आहेत?'

मी दिवसभर मिक्सर आणि इस्त्रीच्या माहितीपुस्तिका लिहिते. 'ओल्या हाताने स्पर्श करू नये' हे माझं सर्वाधिक खपलेलं साहित्य. त्यातून सुटायचं तर एखादी स्पर्धा जिंकणं भाग होतं, कारण विजेत्याची निर्मात्याशी भेट घालून देतात. म्हणून दर स्पर्धेला मी बापाला थोडा थोडा कापत गेले. आधी त्याचा राग गेला, मग त्याचे विनोद. शेवटी बाराव्या पानावर मी त्याला मारूनच टाकला. हृदयविकार, एक ओळ.

बाबा वाचायला बसले. बाराव्या पानावरची ती ओळ त्यांनी वाचली, चष्मा काढून पुसला, परत लावला. मग मुलगी, शेजारीण, घरमालक, सगळ्यांचं बोलणं शेवटपर्यंत वाचलं. कुठेही अडखळले नाहीत.

"चांगलं झालंय," पानं नीट जुळवत ते म्हणाले. "सुटसुटीत."

मी जिंकले. परीक्षकांनी भाषणात माझ्या 'धाडसी काटछाटी'चं कौतुक केलं. कडक इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसलेल्या बाबांनी सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

निर्मात्याच्या ऑफिसात गार कॉफी मिळाली.

"छान आहे," तो म्हणाला. "पण कोरडं वाटतं हो. त्या मुलीला घरात कुणीतरी हवं. एखादा बाप घाला की!"

माझ्या तोंडून आधी हसूच फुटलं. मग मी घाईघाईने त्याला जुना बाप सांगितला, अगदी हातवारे करून.

"इतका खडूस नको. गोड हवा. आधी हसवणारा, मग रडवणारा. लोकांना तसे बाप आवडतात. लवकर द्या, नाहीतर आमच्याकडे दुसरे लेखक आहेत."

मी रजा टाकली आणि गोड बाप लिहिला. टेबल पुसलं, पानं मांडली, बाबांना हाक मारली. ते बाहेरच्या खोलीत टीव्ही बघत होते.

"बाबा, या ना. वडील परत घेतलेत. तुमचं काम आहे."

त्यांनी टीव्हीवरची नजर हलवली नाही.

"मी बाराव्या पानावर गेलो ना गं," ते म्हणाले. रागावून नाही, नुसतं आठवण करून दिल्यासारखं. "आता तूच वाच."

त्यांच्या खुर्चीत बसून मी मोठ्याने वाचायला घेतलं. बापाच्या पहिल्याच वाक्याला अडखळले.