पुसलेले रंग

मी गॅरेजमध्ये गेलो तो लेकीचा घरी राहिलेला चष्मा द्यायला. गुंतलो मात्र तीन दिवस. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासलेल्या माणसाचं तिथे काय काम, हे मलाही कळत नव्हतं. पण तिनेच स्टूल सरकवलं. "बसा बाबा. तुम्हाला बारीक काम जमतं."

एका मोटारीच्या इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे त्याचं मुख्य धूड, तडकला होता. त्याच्या जागी भंगारातून दुसरा आणला होता. गॅरेजचे मालक आणि मुख्य मिस्त्री असलेल्या उस्तादांनी लेकीला बजावलं होतं, "हा तू एकटीने बांध. नीट बांधलास तर पुढची इंजिनं तुझी. नाहीतर आहेतच चाकं काढायला." सात वर्षं ती चाकंच काढत होती.

पहिले दोन दिवस माझे बरे गेले. चारही पिस्टनचं वजन सारखं लागतं, नाहीतर इंजिन वेगात थरथरतं. मी एकेक पिस्टन काट्यावर ठेवून आकडा सांगायचो, ती जड असेल तो आतून किंचित खरवडायची.

"अजून अर्धा ग्रॅम," मी म्हणायचो.

"तुमच्यापेक्षा सोनार परवडला, बाबा."

शेवटी काट्याला चारांत फरक दिसेना. मला फार आनंद झाला. तिथेच मी घसरलो.

तिसऱ्या दिवशी ती क्रँक आणायला लेथवाल्याकडे गेली. क्रँक म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा दांडा. तो तिथे तोलून घेतला होता. त्याला ब्लॉकमध्ये धरून ठेवणाऱ्या पाच लोखंडी कमानी, ज्यांना इथे कॅपा म्हणतात, टेबलावर मांडलेल्या होत्या. प्रत्येकीवर रंगाचा एकेक फराटा: पिवळा, लाल, हिरवा, निळा, पांढरा. भंगारातला माल, लागला असेल कुठे रंग, असं मला वाटलं. नको असलेला डाग दिसला की माझा हात आपोआप जातो. मी थिनर घेतलं आणि पाचही कॅपा लखलखीत केल्या.

ती आली, टेबलाकडे बघितलं आणि क्रँक हळूच खाली ठेवला.

"बाबा, रंग?"

"पुसले," मी म्हणालो.

ती पालथ्या बादलीवर बसली. "मूळचे आकडे गंजात गेले होते, म्हणून रंग मीच लावले होते. प्रत्येक कॅप तिच्याच जागेवर बसवून आतून घासलेली असते. जागा बदलली की दांडा अडकतो."

"मी सांगतो उस्तादांना, चूक माझी आहे म्हणून."

"त्याने तुमचं मन हलकं होईल. दांडा नाही फिरणार."

ती उठली आणि कॅपा हातात घेऊन पाहू लागली. "मधली रुंद आहे, ती ओळखू आली. शेवटचीची घडण निराळी. राहिल्या तीन."

"म्हणजे सहा प्रकारे लागतील," मी चाचरत म्हणालो.

"मग सहाही करून बघू. कॅप आणि ब्लॉक जुळतात त्या सांध्यावर आतून नख फिरवा. अडलं तर जागा चुकली."

ती टॉर्क पान्याने, म्हणजे ठरलेल्या जोराने, कॅपा आवळायची, आतलं माप घ्यायची. मी नख फिरवायचो. पहिल्या खेपेला अडलं. दुसऱ्या, तिसऱ्या खेपेलाही. चौथ्या खेपेला नख तिन्ही सांध्यांवरून सरळ निघून गेलं. माझा स्वतःवर विश्वास नसल्याने मी दुसऱ्या हाताचंही फिरवून पाहिलं. तिचं माप जुळलं, तरी तिने उरलेले दोन प्रकारही तपासले. तिथे पुन्हा अडलं. मग चौथ्या क्रमाने कॅपा लावून तिने क्रँक बसवला आणि एका बोटाने फिरवला. तो बिनआवाज फिरला.

संध्याकाळी उस्ताद आले. तिने तोंड उघडायच्या आत मीच सगळं सांगून टाकलं. त्यांनी क्रँक काढला, कॅपा आवळून आतली मापं घेतली, मग क्रँक परत बसवून फिरवला. बराच वेळ फिरवत राहिले.

"रंग बघून कुणीही बांधेल," ते लेकीला म्हणाले. "सोमवारी एक ब्लॉक येतोय. तुझ्या टेबलावर ठेवायला सांगतो." मग माझ्याकडे वळले. "आणि थिनरची बाटली आजपासून कुलपात."

ते गेल्यावर लेकीने एक कॅप काढली आणि माझ्या हातात आकड्यांचे ठसे आणि हातोडी दिली. "ठोका. पुसता येणार नाही असा."

मी ठसा धरून हातोडी मारली. एकचा आकडा तिरका पडला.

"वाचता येतोय," ती म्हणाली. "पुढची घ्या."