भोंग्याने ऐकलेला आवाज

मित्रांनो, भाजीच्या टेम्पोवर किंवा भंगारवाल्याच्या हातगाडीवर बांधलेला, एकच वाक्य पुन्हा पुन्हा ओरडणारा भोंगा तुम्ही पाहिला असेल. लाल तोंड, पांढरी मूठ, पाठीला पेनड्राइव्हची खाच. त्याच जातीचा मी. आता जुना झालोय. माझ्या तोंडाच्या कडेला तडा गेलाय आणि सायरनचं बटण कधीच बसलंय. पण आवाज शाबूत आहे. तोच माझ्या दुःखाचा विषय आहे.

माझा जन्म वसईजवळच्या वालीवला, एका कारखान्याच्या गाळ्यात झाला. तिथून वसईच्या बाजारातल्या दुकानात आलो आणि तिथे मला रोझलिन तुस्कानोने पाहिलं. रोझलिन जवळच्याच वटार गावची. तिच्या वाडीत रोपांची नर्सरी होती आणि एक लहान टेम्पो होता. तिने मला उचललं, बटण दाबलं आणि दुकानातच बोलून पाहिलं, "मिरची, वांगी, झेंडूची रोपं घ्या!" दुकानदार हसला. तीही हसली. ते माझ्या पोटात साठवलेलं पहिलं वाक्य.

पुढची काही वर्षं माझी फार सुखाची गेली. वटार, नंदाखाल, निर्मळ असा आम्ही फेरा मारत असू. चर्चच्या सणाला पोरांच्या शर्यती माझ्यावरून पुकारल्या जात. गणपतीत शेजारच्या आळीतली माणसं मला मागून नेत आणि पुसून परत करत. "रोझलिनचा भोंगा" म्हटलं की लहान मुलंही मला ओळखत. मला वाटे, आवाज मोठा करणं यापेक्षा चांगलं काम जगात नसेल.

रोझलिनच्या वाडीमागे एक बावखल होतं. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. आमच्या पट्ट्यात विहिरींना गोडं पाणी राहतं ते या बावखलांमुळे. शिवाय पावसाचं जादा पाणी पोटात घ्यायचं कामही तीच करतात. पलीकडे नीलमोहर नावाची नवी सोसायटी उभी राहिली. मुंबईला नोकरीला जाणारी मराठी कुटुंबं तिथे राहायला आली. आणि एका वर्षी कोणीतरी बावखलात इमारतींचा राडारोडा आणून टाकायला लागलं. त्या पावसाळ्यात रोझलिनच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं आणि नीलमोहरच्या तळमजल्यावर गुडघाभर पाणी शिरलं. गावकरी म्हणाले, सोसायटीमुळे विहीर बिघडली. सोसायटीवाले म्हणाले, गावातलं पाणी आमच्या घरात आलं. दोघं एकमेकांकडे बोट दाखवत राहिले आणि ट्रक येतच राहिले.

रोझलिन नगरसेवक हरिभाऊंकडे गेली. हरिभाऊ भातशेतीवाल्या घरातले, तिच्याच शाळेत दोन वर्ग पुढे होते. ते म्हणाले, "बघतो गो मी." पुन्हा गेली, तेव्हाही तेच म्हणाले. मग महापालिकेची निवडणूक लागली आणि रोझलिनने अपक्ष म्हणून अर्ज भरला. रोपं विकणाऱ्या बाईला राजकारण काय कळतं, असं म्हणणारे होतेच. पण ती उभी राहिली आणि माझ्या आयुष्याला वेगळंच वळण लागलं.

तिचं पहिलं भाषण मला अजून आठवतं, कारण ते ऐकायला शेवटी मीच उरलो होतो. तिने भूजल, पर्यावरण, विकास आराखडा सगळं सांगितलं. माणसं एकेक करून निघून गेली. तिची मुलगी सुझान कोपऱ्यात उभी होती. ती अंधेरीला एका जाहिरात कंपनीत काम करायची. घरी आल्यावर म्हणाली, "मम्मी, तू निबंध वाचतेस. लोकांना त्यांचं स्वतःचं घर ऐकू आलं पाहिजे."

"म्हणजे काय बोलू?"

"बावखल एकच आहे ना? पण त्याला दोन दारं आहेत. गावात विहिरीच्या दारातून बोल, सोसायटीत जिन्याच्या दारातून. गोष्ट तीच ठेव."

मग सुझानने लिहिलेली वाक्यं माझ्यातून घुमू लागली. गावात मी म्हणायचो, "बावखल बुजलं, विहिरीचं पाणी रुसलं." नीलमोहरच्या फाटकाशी म्हणायचो, "बावखल बुजलं, पाणी जिन्यात बसलं." आणि दोन्हीकडे शेवट एकच, "पाणी एक, गाव एक." माणसं थांबायला लागली. नीलमोहरमधली संपदा, जी बँकेत नोकरी करायची, एका संध्याकाळी खाली आली आणि म्हणाली, "ताई, आम्हाला वाटायचं गाववाल्यांनीच पाणी आमच्याकडे वळवलंय. हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं." दुसऱ्या दिवसापासून ती रोझलिनबरोबर फिरू लागली. सोसायटीतली माणसं पहिल्यांदाच बावखल बघायला आली. मला माझ्या तोंडाचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

पण हरिभाऊ जुने होते. प्रत्येक लग्नाला, प्रत्येक मयताला हजर राहिलेले. मतदान जवळ आलं तसं सगळे म्हणू लागले, रोझलिन चांगली आहे, पण येणार हरिभाऊच.

आणि मग ती सकाळ आली.

रोझलिन नर्सरीत होती. सुझानने माझ्या पाठीच्या खाचेत एक नवा पेनड्राइव्ह बसवला, मला कार्यकर्त्यांच्या हाती दिलं आणि सांगितलं, "आधी सोसायटी, मग गाव." फाटकाशी बटण दाबलं गेलं आणि माझ्या तोंडून हरिभाऊंचा आवाज निघाला.

"बावखल मीच बुजवतोय. त्या इमारतीत पाणी शिरलं तर शिरू दे, बाहेरून आलेली माणसं ती, आज आहेत उद्या नाहीत. आणि गाववाल्यांचं काय? त्यांना एक जेवण घातलं की ते गप्प बसतात."

मित्रांनो, मी हादरलो. खिडक्या धडाधड उघडल्या. माणसं खाली आली. पुन्हा बटण दाबलं गेलं. गावात पोचेपर्यंत मागे घोळका झाला होता आणि गावातून दुसरा घोळका येऊन मिळाला. ज्यांना एकत्र आणण्यासाठी रोझलिन महिनाभर घसा फोडत होती, ते एका सकाळीत एकत्र आले होते. पण ते बावखलाकडे निघाले नाहीत. ते हरिभाऊंच्या घराकडे निघाले.

हरिभाऊ ओट्यावर आले. त्यांच्यामागे त्यांची बायको अनसूया. मी त्यांच्याच अंगणात त्यांच्याच आवाजात ओरडत होतो. हरिभाऊंचा चेहरा पांढराफटक पडला. स्वतःचा आवाज समोरून ऐकताना माणूस कसा दिसतो, ते मी तेव्हा पाहिलं.

"मी नाय बोललो!" ते ओरडले. "अरे, आयशपत मी नाय बोललो!"

कुणीतरी कुंडी फेकली. कुणीतरी ओट्यावर चढलं. अनसूया आडवी आली, तिला धक्का बसला आणि ती पायऱ्यांवरून खाली आली. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. पण मी ओरडतच होतो. मला थांबता येत नव्हतं.

रोझलिन धावत आली तेव्हा तिच्या हाताला माती तशीच होती. तिने आधी अनसूयेला धरलं. हरिभाऊ "पानी आना, पानी!" म्हणून घरात कुणाला तरी हाका मारत होते. त्याच क्षणी माझ्या तोंडून त्यांचाच आवाज म्हणाला, "इमारतीत पाणी शिरलं तर शिरू दे." रोझलिनने चमकून माझ्याकडे पाहिलं. हरिभाऊ जन्मात कधी "पाणी" म्हणाले नव्हते. शाळेत गुरुजींनी छड्या मारल्या तरी ते "पानी"च म्हणत राहिले होते.

तिने मला बटण दाबणाऱ्या कार्यकर्त्याच्या हातातून ओढून घेतलं आणि बंद केलं.

घरी तिने मला टेबलावर ठेवलं आणि सुझानला समोर बसवलं. "हे कुठून आलं?"

सुझानने माझ्या पाठीतला पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "एआयने केलंय, मम्मी. त्यांची जुनी भाषणं होतीच यूट्यूबवर. वाक्यं मी लिहिली."

रोझलिनने तो पेनड्राइव्ह उचलून मुठीत धरला.

"तेच बुजवतायत, हे सगळ्यांना आतून माहीत आहे," सुझान रडत बोलत होती. "फक्त ते तोंडाने बोलत नाहीत. मी बोलायला लावलं, एवढंच. तू हरणार होतीस, मम्मी."

"माहीत असणं वेगळं आणि ऐकलं म्हणणं वेगळं, पोरी. अनसूयाचा हात मोडलाय. तुझ्या वाक्याने मोडलाय."

"मला वाटलं नव्हतं असं होईल."

"दोन दारं म्हणालीस ना? दोन्हीकडून आग लावलीस."

दुपारी रोझलिन सुझानला घेऊन पोलीस ठाण्यात गेली. तिथून आल्यावर तिने मला उचललं. सुझान म्हणाली, "मी बोलते."

"नाही. उमेदवार मी आहे."

नीलमोहरच्या फाटकाशी उभी राहून रोझलिन माझ्यातून बोलली, "सकाळी ऐकलेला आवाज हरिभाऊंचा नव्हता. तो बनवलेला होता आणि तो माझ्या घरात बनवला गेला. मला माहीत नव्हतं, पण प्रचार माझा होता. अनसूयाबाईंच्या हाताला जबाबदार मी आहे."

कुणी टाळी वाजवली नाही, कुणी शिवी दिली नाही. तेच जास्त भयंकर होतं. संपदा पुढे आली. तिचे डोळे भरले होते. "ताई, मग बावखलाचं? तेही बनवलेलंच होतं का?"

"नाही गं. ते खरं आहे. तू स्वतः येऊन बघितलंस ना?"

"बघितलं. पण आता मला काय बघितलं आणि काय दाखवलं, तेच कळेनासं झालंय." आणि ती वर निघून गेली.

गावात तर कुणी ऐकायलाही थांबलं नाही. रोझलिन हरली, तीही वाईट रीतीने. हरिभाऊंची विजयाची मिरवणूक आमच्या फाटकावरून गेली. सुझानवर गुन्हा दाखल झाला, तिची नोकरीही गेली. मला नर्सरीतल्या फळीवर, खताच्या पिशव्यांमागे ठेवलं गेलं. मला वाटलं, झालं ते एवढंच.

पण त्याहून मोठा धक्का पुढे होता. निकालाला काही दिवस झाले असतील. एका सकाळी बावखलाच्या काठाला ट्रक लागले. एकामागे एक, राडारोड्याने भरलेले. रोझलिन धावली. "कुणाच्या परवानगीने टाकताय?" पहिल्या ट्रकचा चालक खिडकीतून म्हणाला, "हरिभाऊ ने बोला है. सब सेटिंग हो गया."

मित्रांनो, आवाज खोटा होता आणि गोष्ट खरी होती. खोट्या तोंडाने आधीच सांगून टाकल्यामुळे त्या खऱ्या गोष्टीला आता तोंडच उरलं नव्हतं.

रोझलिनने मला फळीवरून ओढलं. "बावखलावर या! ट्रक आलेत! सगळे या!" मी जीव तोडून ओरडलो. नीलमोहरच्या गॅलरीत दोघंतिघं आली. एक जण खाली बघून म्हणाला, "आता हा कुणाचा आवाज काढलाय?" ती माणसं हसली आणि आत गेली. गावातल्या खिडक्या तर उघडल्याच नाहीत. पहिल्या ट्रकने पाठ उचलली आणि विटामातीचा ढीग धडाडत पाण्यात गेला. काठावरचे बेडूक उड्या मारून पळाले.

तेव्हा रोझलिनने मला माडाच्या बुंध्याशी ठेवलं आणि हात मोकळे करून चालायला लागली. प्रत्येक दारावर गेली. मला दुरून तिचं बोलणं ऐकू येत नव्हतं, पण ती दिसत होती. कडी वाजवायची, दोन शब्द बोलायची, बावखलाकडे हात करायची, पुढे जायची. दुसऱ्या बाजूने सुझान सोसायटीचा जिना चढत होती. तिच्या तोंडावर दारं आपटल्याचे आवाज मी मोजायचे सोडून दिले. तरी ती पुढच्या मजल्यावर जातच होती.

सगळ्यात आधी आली ती अनसूया. मोडलेला हात गळ्यात बांधलेला, प्लास्टर अजून पांढरं. ती सरळ ट्रकसमोर जाऊन उभी राहिली.

"मावशी, बाजूला व्हा," चालक म्हणाला.

"हरिभाऊची बायको हाय मी. टाक काय टाकायचं ते माज्यावर."

रोझलिन धापा टाकत तिच्याजवळ पोचली. अनसूया तिच्याकडे न बघताच म्हणाली, "तुज्यासाटी नाय आले मी. पान्यासाटी आले. यांना घरी गेल्यावर बोलनार हाय, ते माजं मी बगीन."

मग एकेक जण आला. गावातल्या बाया आल्या, नंदाखालहून दोन माणसं स्कूटरवर आली. शेवटी संपदा आली. ऑफिसची पर्स खांद्यालाच होती. ती रोझलिनपासून जरा लांब उभी राहिली, पण उभी राहिली. दुपारपर्यंत ट्रक उलटे फिरले.

बावखलाचा एक कोपरा बुजला, तो बुजलाच. बाकीचं पाणी अजून आहे. हरिभाऊ अजून नगरसेवक आहेत. सुझान दर रविवारी आईबरोबर घरोघर जाते. काही घरांत तिला आत घेतात, काही घरांत अजून नाही. अनसूयेच्या दारात ती रोज जाते. अनसूया तिला बसायला सांगत नाही, पण जा असंही म्हणत नाही.

मित्रांनो, मी आता रोपांचा भोंगासुद्धा राहिलो नाही. माझा तुमच्यापाशी एकच हट्ट आहे. उद्या तुम्हीही गल्लीसाठी, पाण्यासाठी, शाळेसाठी उभे राहाल, लोकांना पटेल असं बोलाल. जरूर बोला. छोटं बोला, चांगलं बोला, प्रत्येकाला त्याच्या घराच्या भाषेत बोला. पण ऐकवण्याआधी एकदा थांबा. मला सगळं कळत होतं, त्या अंगणात पडलेली बाई मला दिसत होती, तरी मी थांबू शकलो नाही, कारण माझं बटण दुसऱ्याच्या बोटाखाली होतं. तुमचं तुमच्याच बोटाखाली आहे.