तामणाचा पहिला उन्हाळा

मित्रांनो, मी पत्र्याची एक जुनी झारी आहे. दिसायला काही देखणी नाही. तोटी वाकडी, कान पिचलेला आणि बुडाला ठिगळ. पण एकदा भरलं की पाणी मुळाशी पोचवायचंच, हा माझा हट्ट. तो मी माझ्या मालकांकडून घेतला. त्यांचीच गोष्ट सांगते.

उदयसिंह मूळचे उत्तराखंडातल्या लोहाघाटचे. डोंगरातलं ते लहानसं गाव, भोवती देवदाराची झाडं. नोकरीसाठी ते कळंबोलीच्या लोखंड बाजारात आले, ट्रकच्या वजनकाट्यावर बसू लागले आणि कामोठ्यात तिसऱ्या मजल्यावर संसार थाटला. दिवसभर लोखंडात बसणाऱ्या या माणसाचा जीव मात्र हिरव्या पानात. बाजारातल्या उरल्यासुरल्या पत्र्यातून त्यांनी जगन वेल्डरकडून मला करून घेतलं. जगनने मला पाण्याने भरलं, खालून निरखलं आणि म्हणाला, "नाय गळायची. लिहून देतो."

उदयसिंहांच्या गावी जुलैच्या मध्यावरच श्रावण लागतो आणि त्या दिवशी हरेला नावाचा सण असतो. आधी दहा दिवस टोपलीतल्या मातीत सात धान्यं पेरायची. सणाच्या दिवशी त्यांची कोवळी पाती कापून घरातल्यांच्या डोक्यावर ठेवायची, आशीर्वाद द्यायचा आणि एक झाड लावायचं. उदयसिंह पत्नी सुनीताच्या आणि लेक मनस्वीच्या डोक्यावर पाती ठेवत, आणि शेवटचं पातं माझ्या तोटीवर. त्या दिवशी मी स्वतःला घरातलीच समजत असे.

झाडाचं मात्र त्यांचं चुकलं. तीन वर्षं त्यांनी गावाहून देवदाराचं रोप आणून समोरच्या मैदानाच्या कडेला लावलं. तिन्ही रोपं मेली. मी पाणी ओतायला कमी केलं नव्हतं, तरी दोष मलाच लागल्यासारखा वाटे. इमारतीच्या फाटकाशी जवळच्या ओवे गावची भामा भाजी विकायची. जगनची ती बायको. ती एकदा म्हणाली, "भाऊ, तुमचा श्रावण आमच्या आदी येतो, येऊ दे. पन झाड हितलंच लावा. थंडीतला मानूस हितं रुजला म्हनून झाड नाय रुजत."

उदयसिंह हसले आणि त्यांनी ऐकलं. पुढे करंज लावला, मग बहावा, मग कडुनिंब, दर हरेल्याला एक. "पहिला उन्हाळा काढला की झाड आपलं," असं ते मनस्वीला सांगायचे. उन्हाळाभर कामावर जाण्याआधी मला घेऊन खाली उतरायचे. एक दिवस चुकला नाही.

गेल्या जुलैत त्यांनी तामणाचं रोप लावलं. जानेवारीत वजनकाट्यावरच त्यांच्या छातीत कळ आली आणि ते गेले. तामणाचा पहिला उन्हाळा अजून यायचा होता.

तो आला तेव्हा आठवीतल्या मनस्वीने मला उचललं. नळाला पाणी कमी, म्हणून ती तांदूळ धुतलेलं आणि फिल्टरमधून वाया जाणारं पाणी माझ्यात साठवायची. पण माझं बूड गंजलं होतं. तिने भोकाला कणीक लावली. ती दुसऱ्या मजल्यावरच सुटायची आणि जिना ओला व्हायचा. शेजाऱ्यांनी तक्रार केली. सुनीताताईंनी मला भंगारवाल्याला देऊन टाकलं. मित्रांनो, तुटल्याचं मला काही वाटलं नाही. पण अर्धं काम टाकून जाताना मला रडू आलं.

भंगाराची गाडी फाटकाशी आली आणि भामाने मला ओळखलं. मेथीच्या दोन जुड्या देऊन तिने मला उतरवून घेतलं. जगनने माझं बूड पाहिलं आणि ओशाळला. "लिहून देतो म्हनालेलो," एवढंच बोलला, आणि जाड पत्र्याचं ठिगळ बसवलं.

संध्याकाळी भामा मला घेऊन तिसरा मजला चढली. "वयनी, ही भाऊंची हाय."

"ती दिसली की वाटतं, आता हे चप्पल घालतील आणि खाली जातील," सुनीताताई म्हणाल्या, आणि इतक्या महिन्यांनी मोकळेपणी रडल्या.

"मग तुमी जा ना खाली," भामा म्हणाली.

दुसऱ्या सकाळी मला उचलणारा हात मनस्वीचा नव्हता. सुनीताताईंनी मला भरलं आणि लेकीला बरोबर घेऊन खाली उतरल्या. तामणाला एकच पान उरलं होतं. त्या दोघी रोज येत राहिल्या. मेच्या शेवटी फांदीला तांबूस अंकुर फुटले आणि पावसापर्यंत रोप तगलं.

जुलैत हरेल्याचा दिवस आला. घरातलं माणूस गेलं की वर्षभर सण करत नाहीत, म्हणून यंदा धान्य पेरलं नव्हतं. मनस्वी तामणापाशी उभी होती. सुनीताताईंनी खाली गळलेली तामणाची दोन पानं उचलली. एक लेकीच्या डोक्यावर ठेवलं.

"सण करायचा नाही," त्या म्हणाल्या. "आशीर्वाद द्यायला कोण अडवतं?"

दुसरं पान त्यांनी माझ्या तोटीवर ठेवलं.

म्हणून सांगते मित्रांनो, झाड लावलंत की पहिला उन्हाळा त्याच्यासोबत काढा. आणि घरातली जुनी झारी गळत असेल, तर टाकण्याआधी एकदा बाहेर बघा, कोणाला अजून पाणी पोचायचं राहिलंय का.