निलमचा ढावलो

आखाडा बाळापूरच्या शाळेत प्रेमदास गुरुजींनी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. त्यांच्या बंजारा तांड्यावर कुणाला इंग्रजी कागद आला की तो गुरुजींच्याच ओट्यावर यायचा. पण दोन वर्षांत नवऱ्याचं घर सोडून, एक पिशवी घेऊन परत आलेल्या लेकीशी काय बोलावं, ते त्यांना कुठल्या पुस्तकात सापडलं नाही. निलमचं बारावीचं इंग्रजी राहिलं होतं. मग ते तेच शिकवत बसले. तेवढाच बोलायला आधार.

त्या दिवशी दुपार कलली होती. अंगणात हळद वाळत होती आणि निलम बारीक हळकुंडं वेगळी करत होती, डाव्या हातानं. उजवं मनगट सासरी मोडलं होतं, ते वाकडंच जुळलं. तिनं विचारलं, हिअर म्हणजे ऐकणं, लिसन म्हणजेही ऐकणं, मग दोन शब्द कशाला?

असा प्रश्न म्हणजे गुरुजींना मेजवानी. ते बाजेवर सरसावून बसले. हिअर म्हणजे ऐकू येणं. आवाज झाला, कानावर पडला, त्यात आपलं कर्तृत्व काही नाही. लिसन म्हणजे मन लावून ऐकणं. रस्त्यानं गेलेली एसटी हिअर करायची, रेडिओवरच्या बातम्या लिसन करायच्या. निलम म्हणाली, अजून एक उदाहरण द्या. गुरुजी उदाहरण शोधू लागले, तर ते समोरच बसलं होतं.

तांड्यावर नवरी सासरी निघाली की एकेकाच्या गळ्यात पडून गात रडते. तो ढावलो. एरवी बापापुढे वर न बघणाऱ्या पोरीला त्या घडीला काहीही बोलायची मुभा असते. ‘मला धाडू नका’ हे तर प्रत्येकीच्या ढावल्यात असतंच, आज्या-पणज्याही तेच म्हणत गेल्या आणि गेल्याच. निलमनं त्यात आपले शब्द घातले होते. बापू, हा माणूस फोनवर आत्तापासून मारायची भाषा करतो, मला भीती वाटते, धाडू नका. बायांनी पदरानं डोळे पुसले. तांड्यातल्या म्हाताऱ्या भिकाबाईनं तोंडभरून कौतुक केलं, की आजकालच्या पोरींना येतो कुठं असा ढावलो. गुरुजींची छाती फुगली. पेपर तपासावा तसे त्यांनी गाण्याला मार्क दिले आणि लेकीला स्वतःच्या हातानं जीपमध्ये बसवलं. दुष्ट म्हणावं तर माणूस तसा नव्हता. लेकीवर जीव होता त्यांचा, म्हणून तर जास्त राग येतो.

गुरुजींनी पुस्तक मिटलं.

"तुझा ढावलो," ते म्हणाले. "मला शब्दन् शब्द ऐकू आला व्हता. म्या ऐकला न्हाई. रीत समजून बसलो. मला माफ कर, माय."

इतक्या दिवसांचं ओझं उतरल्यासारखं त्यांना वाटलं. निलमचा हात हळदीतच थांबला.

"शब्दन् शब्द?"

"व्हय."

तिनं मान वर केली नाही. "नगारा वाजून राहिला व्हता, बाया रडून राहिल्या व्हत्या. मला वाटलं, त्या गलक्यात तुमाला कायबी ऐकू आलं न्हाई. हात मोडला तवाबी मनाला हेच सांगितलं, की बापूच्या कानावर गेलं असतं तर त्यानं मला धाडलंच नसतं. दोन वर्षं तेवढ्यावरच काढली म्या."

गुरुजी माफी मागायला म्हणून गेले आणि पोरीजवळ शिल्लक होतं तेवढंही काढून घेतलं.

निलमनं निवडलेली हळकुंडं टोपल्यात भरली, वाकड्या हाताचा आधार देत टोपलं उचललं आणि ती घरात गेली. गुरुजींनी हाक मारली. थोड्या वेळानं पुन्हा मारली. घर दोन खोल्यांचं, दार सताड उघडं, आणि तांड्यावर त्या वेळी कसलाच गलका नव्हता.