मोरटेकाची वाट

प्रेमदास गुरुजींना मोरटेक ही टेकडी सापडली ती गुराख्यांच्या मागे हिंडता हिंडता. हिंगणीच्या पुढे, बोर धरणाच्या काठावरच्या एका गावात ते शाळेवर होते. रविवारी जंगलात जायचे आणि आल्यावर बायकोला सांगायचे, "अन्नपूर्णा, वरून सारं धरण दिसते. एकडाव चालच तू." तिला घरचं काम सुटत नसे. अठ्ठ्याहत्तर सालच्या दिवाळीच्या सुट्टीत सासूबाई लेकीकडे वर्ध्याला गेल्या, तेव्हा तीच म्हणाली, "चला, आज दाखवाच तुमचा टेक."

सकाळी भाकरी बांधून दोघं निघाली. पायथ्याचं बांबूचं बन संपलं की वाट सागाच्या झाडांतून सरळ उभी चढत होती. वाट कसली, पावसाच्या पाण्यानं खरवडलेली घळच ती. पाय ठेवला की मुरूम सुटायचा. गुरुजी पुढे चालत आणि मधूनच मागे वळून हात देत.

"दमली काय वं?"

"नाई. तुमी समोर पाहा."

झाडांमधून वरचा उजेड दिसू लागला होता, तेव्हा गुरुजींच्या पायाखालचा दगड निसटला. ते तिच्या अंगावरूनच खाली घसरले. तिनं सदरा धरला, पण तो हातातून सुटला. बरंच खाली एका सागाच्या खोडाला ते अडकले. ती पोचली तेव्हा त्यांचा एक पाय भलतीकडेच वळलेला होता. रक्त फारसं नव्हतं. मांडी मात्र बघता बघता फुगत होती.

तिनं पाय सरळ करायला हात लावला आणि ते असे ओरडले की पुन्हा हात लावायची तिची हिंमत झाली नाही. तिनं त्यांना पाणी पाजलं.

"टेकावर जा," ते म्हणाले. "धरणावर बाया धुणं धुवाले येतात. हाक मार त्याईले. पदर हालव."

ती हातापायांवर चढत वर गेली. टेकावर पाऊल ठेवलं आणि सगळं एकदम समोर आलं. निळं पाणी, फुटलेल्या कापसाची शेतं, रस्त्यावरून जाणारी लाल एसटी आणि काठावर वाकलेल्या बाया. ती ओरडली. घसा बसेपर्यंत ओरडली. कोणी मान वर केली नाही. मग तिनं पदर सोडून दोन्ही हातांनी हलवायला सुरुवात केली.

कितीतरी वेळानं एक बाई उभी राहिली. तिनं डोळ्यांवर आडवा हात धरला, बाकीच्यांना बोलावलं. मग साऱ्याजणींनी हात वर करून हलवले. एकीनं तर ओलं लुगडंच हवेत फडकावलं. अन्नपूर्णेनं हात जोडले, मागच्या जंगलाकडे बोट केलं, छाती पिटली. त्यांनी आणखी एकदा हात हलवला आणि त्या पुन्हा धुण्याकडे वळल्या.

ती खाली आली तेव्हा गुरुजींचे ओठ पांढरे पडले होते.

"पाह्यलं काय कोणी?"

"पाह्यलं."

"येऊन राह्यले?"

तिनं त्यांच्या तोंडाकडे बघितलं. "येऊन राह्यले."

त्यांनी डोळे मिटले. पडल्यापासून पहिल्यांदाच त्यांचा चेहरा सैल झाला. तिनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि मग तिच्या ध्यानात आलं, आता आपल्याला उठता येणार नाही.

"मी खाली जाऊन येते," ती थोड्या वेळानं म्हणाली.

"काऊन? ते येऊनच राह्यले ना. मले एकट्याले सोडू नोको."

त्यांनी तिचं मनगट धरलं. पकडीत जोर नव्हता, तरी तिला ते सोडवता येईना. ऊन सरकत गेलं. तिच्या मनगटावरचा हात थंड पडत चालला.

"त्याईले वाट ठाऊक नाई," ती शेवटी म्हणाली. "चुकतील. मी समोर जाऊन त्याईले घेऊन येते."

त्यांनी विचार केला आणि मनगट सोडलं. "हे खरं. लवकर येजो."

ती घसरत, पडत उतरली. बांबूच्या बनात वाट चुकली, भलत्याच नाल्यात शिरली, रडत परत फिरली. धरणावर आली तेव्हा बाया निघून गेल्या होत्या. गावातली सीताबाई तेवढी वाळलेलं धुणं गोळा करत होती.

"बाई, वरतं तुमीच होत्या काय?" सीताबाईनं हसून विचारलं. "आमाले वाटलं, कोणी फिराले आलं. आमीनं बी हात हालवला."

"गुरुजी पडले," अन्नपूर्णा म्हणाली आणि खाली बसली.

सीताबाईचा हात तोंडाशी गेला. धुणं तिथंच टाकून ती गावाकडे पळाली.

सीताबाईचा नवरा तानबा आणि चारपाच माणसं बांबू, दोर अन् घोंगडं घेऊन आली. वर पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. गुरुजी शुद्धीवर होते.

"बाईनं पदर हालवला अन् तुमी लगेच निघाले," ते तानबाला म्हणाले. "लई उपकार झाले."

तानबानं अन्नपूर्णेकडे बघितलं.

"हाव, गुरुजी," तो म्हणाला.

घोंगड्याची झोळी करून माणसं उतरू लागली. घळीत झोळी दोरांनी खाली सोडावी लागे आणि प्रत्येक हिसक्याला गुरुजी कण्हत. अन्नपूर्णा मागून "हळू, हळू" म्हणत होती. दुसरं काहीच तिच्या हातात नव्हतं. बांबूच्या बनाशी येता येता कण्हणं थांबलं.

"निजले," ती म्हणाली.

माणसांनी चाल कमी केली, आणि ती कमी झालेली तिला कळली.

पायथ्याशी सीताबाई बैलगाडी जुंपवून, गवत पसरून उभी होती. तिथून सेलूला आणि पुढे सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं होतं. तानबानं झोळी गाडीत न ठेवता अलगद जमिनीवर टेकवली.

"गाडीत ठेवा ना," अन्नपूर्णा म्हणाली. "उशीर होऊन राह्यला."

माणसं तशीच उभी राहिली. ती पुन्हा तेच म्हणाली. तिला नाही म्हणायचं कोणाच्याच जिवावर आलं. शेवटी त्यांनी झोळी उचलून गाडीतल्या गवतावर ठेवली. अन्नपूर्णा झोळीजवळ बसली, सीताबाई तिच्या शेजारी चढून बसली आणि तानबानं बैल हाकले.